दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या दारात चारचाकी आहे आणि ज्यांचं पोट चारचाकीवर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. पैसे तुमचेच वाचतील.

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. आपण घाबरून गाडी वर्कशॉपला नेतो. तिथला पोरगा स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावतो, स्क्रीनवर एक कोड येतो आणि पाच मिनिटांत निकाल लागतो. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय साहेब, बदलावा लागंल." आपण विचारतो, नक्की का? तर उत्तर ठरलेलं. "आवो, कॉम्प्युटर खोटं बोलतंय व्हय?"

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. पण कॉम्प्युटर 'सेन्सर बदला' असंही कुठं म्हणत नाही. ते वाक्य स्कॅनर धरणाऱ्याचं असतं, आणि त्याचं बिल आपण भरतो. माझा मुद्दा एवढाच आहे की तपासणी न करता सेन्सर बदलणं ही दुरुस्ती नाही. ती अंदाजपंचे विक्री आहे. बार्शीत असो, कुर्डुवाडीत असो की पुण्यातल्या एसी वेटिंग रूमच्या वर्कशॉपात असो, हे चाललंय आणि आपण चालू देतोय.

ओळखीतल्या एका वडापवाल्याचं उदाहरण सांगतो. गाडी हप्त्यावर, घरात कमावणारा एकटा. दिवा लागला, कोड आला पी ०१७१. एका मोठ्या वर्कशॉपनं पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला, मजुरी धरून साडेचार हजार. कोड पुसला, दिवा विझला, गडी खूश. तीन आठवड्यांत दिवा परत. दुसऱ्या खेपेला मागचाही सेन्सर बदलला. "दोन्ही जोडीनं बदलावे लागतात," असं सांगितलं. दिवा तिसऱ्यांदा लागला तेव्हा सांगितलं की आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, पंचवीस-तीस हजारांची तयारी ठेवा. तोपर्यंत ॲव्हरेज पडलेलं, हप्ता थकलेला. शेवटी गावातल्याच एका साध्या मिस्त्रीनं सकाळी थंड इंजिन चालू करून कान दिला. फट्‌फट् असा बारीक आवाज येत होता. इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथं जोडतो, तिथलं गॅस्केट फुटलं होतं. गॅस्केट आणि मजुरी मिळून सातशे रुपये. दिवा परत लागला नाही.

आता हे असं का झालं ते समजून घेऊ. न समजणाऱ्याला फसवणं सोपं असतं, म्हणून आपण समजून घेतलं पाहिजे.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेलं एक नाक. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, एवढंच ते हुंगतं. पेट्रोल नीट जळायला साधारण १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली तर धुरात ऑक्सिजन उरतो, त्याला मिस्त्री 'लीन' म्हणतात. पेट्रोल जास्त झालं तर ऑक्सिजन उरत नाही, ते 'रिच'. नेहमीच्या झिर्कोनियाच्या सेन्सरमधून लीनला ०.१ व्होल्टच्या आसपास आणि रिचला ०.९ व्होल्टच्या आसपास वीज निघते. ती वाचून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, पेट्रोल कमी-जास्त सोडतो. १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा बाजारात आला. म्हणजे हे काल-परवाचं तंत्र नाही. पन्नास वर्षं जुनं आहे. 'नवीन टेक्नॉलॉजी आहे, तुम्हाला नाही कळणार' हे कुणी सांगत असेल तर ऐकून घेऊ नका.

आता वडापवाल्याच्या गाडीकडे परत बघा. गॅस्केट फुटलेलं होतं सेन्सरच्या अलीकडे. धूर पाइपातून धक्क्याधक्क्यानं जातो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजनचा वास आला, त्यानं इमानदारीत सांगितलं, 'लीन आहे'. ईसीएमनं त्याचं ऐकून पेट्रोल वाढवलं. म्हणून ॲव्हरेज पडलं. आणि पी ०१७१ या कोडचा अर्थ तरी काय? 'मिश्रण लीन आहे', एवढाच. त्यात सेन्सर खराब असल्याचा एक शब्दही नाही! ज्यानं फिर्याद दिली त्यालाच आत टाकलं, आणि चोर गाडीतच बसून राहिला.

लीनचा कोड यायला कारणं अनेक. इंजिनात हवा जाणाऱ्या वाटेवरचा एखादा रबरी पाइप चिरलेला असतो. पेट्रोल पंपाचा दाब कमी पडतो. हवा मोजणारा सेन्सर धुळीनं माखलेला असतो. प्लग किंवा कॉइल मार खाल्लेली असली की न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो आणि सेन्सर त्यालाही 'लीन' म्हणतो. यातली एकही गोष्ट सेन्सर बदलून सुधारत नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एका माणसानं फोन करून सांगितलं म्हणून बातमी छापायची नसते. दुसऱ्या बाजूनं खातरजमा करायची. कोड म्हणजे तो पहिला फोन. तपास तिथून सुरू होतो. वर्कशॉपवाले तिथंच संपवतात.

मग तपासणी म्हणजे नेमकं काय? फार मोठं शास्त्र नाही. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

१) आधी कोड नीट वाचायचा. पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. पी ०१४१ म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरचा. पी ०१३३ म्हणजे पुढचा सेन्सर सुस्त झालाय. पी ०१७१ लीन, पी ०१७२ रिच. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा संशय. या सगळ्यांवर 'सेन्सर बदला' हे एकच औषध कसं चालेल?

२) मग डोळे आणि कान वापरायचे. कनेक्टर सैल आहे का, वायर सायलेन्सरला टेकून वितळलीय का, पाइपाला कुठं फट आहे का. आपल्याकडे तर एक खास कारण आहे, उंदीर. गाडी गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीजवळ लावली की पावसाळ्यात वायरी कुरतडल्या जातात. उंदरानं वायर तोडली आणि सेन्सरचं बिल फाडलं, असंही घडतं.

३) हीटरचा कोड असेल तर मल्टिमीटर घ्यायचा. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढं तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर असतो. आधी फ्यूज बघायचा. मग कनेक्टर काढून गाडीच्या बाजूनं हीटरला १२ व्होल्ट येतात का बघायचं. मग सेन्सरच्या बाजूनं हीटरच्या दोन वायरींत ओहम मोजायचे. पुष्कळ गाड्यांत थंड असताना काही ओहम ते पंधरा-एक ओहम येतात, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. तेव्हा सेन्सर खुशाल बदला.

४) मग स्कॅनरवर लाईव्ह डेटा. कोड वाचून स्कॅनर डब्यात ठेवायचा नसतो. इंजिन गरम झाल्यावर पुढच्या सेन्सरचे व्होल्ट वर-खाली नाचले पाहिजेत. कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचे बऱ्यापैकी स्थिर राहिले पाहिजेत. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर संशय कन्व्हर्टरवर जातो.

५) फ्युएल ट्रिम बघायची. ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, हे ती सांगते. गाडी जागेवर असताना ट्रिम खूप वाढलेली आणि रेस केल्यावर खाली आली, तर कुठून तरी फालतू हवा आत शिरतेय. उलट रेस आणि लोडला ट्रिम वाढत गेली तर पंप, फिल्टर, पेट्रोलचा दाब बघा.

६) शेवटी सेन्सरची परीक्षा. इंजिन चालू असताना एखादा बारीक व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढला की व्होल्ट पडायला पाहिजेत. ॲक्सिलरेटरला झटका दिला की चढायला पाहिजेत. दोन्हीकडे पटकन हलला तर सेन्सर जिवंत आहे. त्याला फाशी देऊ नका. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर दुसऱ्या जातीचा असतो, तिथं व्होल्टचे हे आकडे चालत नाहीत. पण रीत तीच, आधी डिवचून बघायचं, मग बोलायचं.

सेन्सर कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. जातो. हीटर जळतो. इंजिन ऑइल खात असेल तर त्याच्या राखेनं नाक बुजतं. हेड गॅस्केट फुटून कूलंट जळायला लागलं तरी तेच. कुणी हलकं सिलिकॉन इंजिनाला चोपडलं तर त्याच्या वाफेनंही सेन्सर मरतो. आणि लाख-दीड लाख किलोमीटर धावून म्हातारा होतोच. पण ऑइल खाणारं इंजिन तसंच ठेवून नुसता सेन्सर बदलला, तर नवा सेन्सरही त्याच वाटेनं जाणार. म्हणजे सेन्सर खरोखर गेलेला असला तरी 'का गेला' हा प्रश्न उरतोच.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणार, 'हे सगळं इथेनॉलमुळे'. आपला जिल्हा उसाचा आणि कारखान्यांचा, त्यामुळे या विषयावर इथं सगळेच तज्ज्ञ. तर ऐका. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे २० टक्के मिसळीला हवेचं प्रमाण १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतं. तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. ईसीएम सेन्सरचं ऐकून ते वाढवतो आणि ट्रिम थोडी चढते. जुन्या गाडीत आधीच बारीक गळती असेल तर यामुळे कोड लवकर येऊ शकतो. पण याही वेळी सेन्सर आपलं काम करतोय. इथेनॉलला शिव्या घालायच्या तर घाला, पण म्हणून सेन्सर बदलणं हा त्यावरचा उपाय होत नाही.

वर्कशॉपवाल्यांचीही बाजू आहे, ती लपवत नाही. एक मिस्त्री मला म्हणाला, "दादा, पाऊण तास तपासलं आन् गॅस्केट सापडलं तर गिऱ्हाईक म्हणतंय, एवढ्याशा कामाचे पाचशे कसले? सेन्सर बदलला तर पाच हजार गपगुमान देतंय." हे खरं आहे आणि हे आपल्यालाच लागतं. खोक्यातून निघालेल्या वस्तूचे पैसे आपण देतो, डोक्यातून निघालेल्या कामाचे देत नाही. डॉक्टरनं नुसतं तपासून 'काही नाही, बरे आहात' म्हटलं तरी फी देतो ना? मग मिस्त्रीला तपासणीची फी द्यायला काय होतं? जो तपासतो त्याला पैसे मिळत नाहीत आणि जो अंदाजानं पार्ट बदलतो तो मोठा होतो, अशी व्यवस्था आपल्याच हातानं तयार झाली आहे.

दुसरी अडचण माहितीची. कुठली वायर कुठं जाते याचा नकाशा, नेमके ओहम किती पाहिजेत याचा तक्ता, कंपनीचा स्कॅनर, हे गावातल्या गॅरेजला सहजासहजी मिळत नाही. हा माझा आरोप नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला खुली न ठेवल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे. पण पोर्टल दिल्लीत आणि मिस्त्री लातूर रोडला मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघत वायरचा रंग शोधतोय, हे वास्तव आहे.

आणि आता सरकारी खात्याकडे येतो, कारण यात नुसता तुमच्या खिशाचा प्रश्न नाही. हवेचाही आहे.

पीयूसी आपण सगळेच काढतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११५. ही कागदपट्टी नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १० हजारांपर्यंत. पेट्रोल गाडीत तपासतात काय? सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. म्हणजे नळी खरोखर घातली तर! नंबर प्लेटचा फोटो काढून पावती हातात देणारी केंद्रं तुम्हीही पाहिली आहेत, मीही पाहिली आहेत. पण प्रामाणिक केंद्रातसुद्धा डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याबद्दल कुणी विचारत नाही. दिवा ढळढळीत पेटलेला असताना गाडी पास होते. लीन चालणाऱ्या इंजिनातून नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त निघतात, कारण धुरात ऑक्सिजन उरला की कन्व्हर्टर त्यांना मोडू शकत नाही. आणि पेट्रोल गाडीच्या पीयूसीत ते मोजलेच जात नाहीत. १ एप्रिल २०२० पासून आपण बीएस ६ गाड्या विकतोय. प्रत्येक गाडीत धुरावर नजर ठेवणारी यंत्रणा कंपनीनं बसवून दिली आहे, तिचे पैसे आपण किमतीत मोजलेत. आणि तपासणीच्या दिवशी तिलाच कुणी विचारत नाही!

याचा फायदा घेणारेही आहेत. मागच्या सेन्सरखाली एक पोकळ नट लावून त्याला धुरापासून लांब ठेवायचं, म्हणजे मेलेला कन्व्हर्टरही पास दिसतो. ईसीएममधून कोडच बंद करून टाकायचा. कुणी तर मीटर उघडून दिव्यावर काळी पट्टी चिकटवतं. पुढच्या वेळी जुनी गाडी घेताना चावी अर्धी फिरवा आणि तो दिवा आधी लागतो का बघा. इंजिन चालू व्हायच्या आधी तो लागायलाच पाहिजे. नाही लागला तर समजा, काहीतरी लपवलंय.

म्हणून मागण्या लिहितो.

परिवहन खात्यानं पीयूसीच्या वेळी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र लावून कोड वाचणं सक्तीचं करावं. मात्र दिवा आहे म्हणून लगेच दंड नको. दुरुस्तीला मुदत द्या, नाहीतर पार्ट विकणाऱ्यांचीच दिवाळी होईल. कंपन्यांनी वायरिंगचे नकाशे आणि तपासणीचे तक्ते परवडणाऱ्या दरात, जमल्यास मराठीत, सगळ्या गॅरेजना खुले करावेत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना स्कॅनर आणि मल्टिमीटर हातात देऊन शिकवावं. कोड वाचणं एका दिवसात येतं, कोडच्या मागचं कारण शोधणं शिकवावं लागतं. आमदार-खासदारांनी रस्त्याच्या उद्घाटनातून वेळ काढून हेही बघावं.

आणि आपण काय करायचं? कुणी सेन्सर बदला म्हटलं की काउंटरवर शांतपणे एवढं बोला :

"कोड कुठला आला ते कागदावर लिहून द्या."
"सेन्सरच खराब आहे हे कशावरून ठरवलं? लाईव्ह डेटा दाखवा."
"गळती, वायर, फ्यूज बघितले का? जॉब कार्डवर लिहा."
"तपासणीची फी वेगळी सांगा, मी देतो."
"जुना पार्ट मला परत पाहिजे."
"हाच दोष परत आला तर काय, तेही लिहा."

आवाज चढवायची गरज नाही. खरं काम करणारा मिस्त्री या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलून सांगतो. जो चिडतो, त्याच्याकडून गाडी काढून घ्या.

आणि तपासणीशिवाय पार्ट बदलून दोष तसाच राहिला असेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्यासाठीच आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं नाही भागलं तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. लागतात ती कागदपत्रं. म्हणूनच वर 'लिहून द्या' हे तीनदा आलंय.

ज्यांच्याकडे अशा पावत्या असतील, एकच दोष आणि दोन-तीनदा बदललेला सेन्सर, त्यांनी मला मेसेज करा. तुमचं नाव येणार नाही. पाच-पन्नास पावत्या एकत्र झाल्या तर आरटीओसमोर आणि वर्कशॉपवाल्यांसमोर टेबलावर ठेवता येतील. आणि ज्या मिस्त्रीनं तपासून सातशेत काम केलं, अशांची नावं मात्र कमेंटमध्ये बिनधास्त लिहा. त्यांचा धंदा वाढला पाहिजे.